शांघाय की शिंचू? चिनी बोलणाऱ्या मुलखात बिऱ्हाड कुठे करावं?

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. नवऱ्याला दोन ठिकाणांहून नोकरीची पत्रं आली आहेत. एक शांघायचं, दुसरं तैवानमधल्या शिंचूचं. काम साधारण एकच, चिप डिझाइनचं. पगार शांघायचा बऱ्यापैकी जास्त आहे. मुलगी पाच वर्षांची. मी पुण्यात दोनेक वर्षं हौसेने चिनी शिकते आहे, तिसऱ्या पातळीची परीक्षा झाली आहे. सध्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, ती नोकरी सोडून जावं लागेल. आम्ही तिघं अंडं खातो, सासूबाईंना तेही चालत नाही, आणि त्या दरवर्षी दोन-तीन महिने येऊन राहणार आहेत.

कुठलं शहर भारी, असं मला विचारायचं नाही. तिथे रोजचा दिवस कसा जातो ते हवं आहे. पहिल्या काही महिन्यांत कशाने हबकायला झालं? त्यातलं काय अंगवळणी पडलं आणि काय कधीच पडलं नाही? चार-पाच वर्षं राहायचंय, म्हणून नीट विचार करून ठरवायचंय. हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियावाल्यांनीही लिहा.

कृष्णाकाठ
आम्ही बरीच वर्षं शांघायमध्ये आहोत आणि मला हे शहर मनापासून आवडतं. त्या हिशेबाने वाचा.

पहिला महिना फोनशी झगडण्यात जातो. भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सगळे पैसे वीचॅट नाहीतर अलीपेने द्यायचे. आता परदेशी कार्ड जोडता येतं, त्यामुळे पूर्वीइतकं अडत नाही. पण गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर चालत नाही. तुम्ही काहीतरी सोय करालच, तरी संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावताना तो लागेलच याची खात्री नसते. आमच्या आईंना शेवटी वीचॅट घालून दिलं. घर घेतल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. सासूबाई येतील तेव्हा त्यांचीही वेगळी नोंद. प्रत्येक वेळी, न विसरता.

आता चांगलं. रात्री बारा-साडेबाराला मी एकटी मेट्रोने घरी येते आणि मागे वळून बघावंसंही वाटत नाही. हे सुख मला पुण्यामुंबईत मिळालं नव्हतं. जुन्या फ्रेंच वस्तीतले प्लेन वृक्षांचे रस्ते, घराजवळची बाग, तिथे संध्याकाळी स्पीकर लावून नाचणाऱ्या आज्या. लिफ्टमधल्या आजी दुसऱ्याच भेटीत भाडं किती, वय किती, एकच मूल का, सगळं विचारतात. सुरुवातीला अंगावर येतं. नंतर त्याच आजी तुमच्या मुलीच्या डोक्यावर टोपी नाही म्हणून तुम्हाला रागावतात, आणि बरं वाटतं.

हिवाळ्याचं मात्र कुणी सांगत नाही. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या रेषेच्या उत्तरेला घरोघरी सार्वजनिक हीटिंग असतं, बीजिंगला 15 नोव्हेंबर ते 15 मार्च. शांघाय त्या रेषेच्या खाली. जानेवारीत बाहेर तीन-चार अंश आणि घरातही फार निराळं नाही. एसीची गरम हवा छतालाच राहते, पाय बर्फ. घर बघताना जमिनीखालचं हीटिंग आहे का, हे भाड्याच्याही आधी विचारा.

हिरवा_चाफा
हिवाळ्याला +१. हार्बिनमध्ये उणे वीसमध्ये शिकले, घरात टी-शर्टवर असायचो. शांघायला आले आणि कोट घालून स्वयंपाक केला.

दगडफूल
ताइपेईतून लिहिते आहे. शिंचूला मैत्रिणी आहेत, जाणं-येणं असतं.

सासूबाईंचा प्रश्न तैवानने आधीच सोडवून ठेवलाय. बौद्ध शाकाहार करणारे लोक इथे इतके आहेत की प्रत्येक गल्लीत नाही, पण प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी शाकाहारी खानावळ असते. पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्या उलट दिशेचं. बुफेतून ताट भरून घ्यायचं, वजनावर पैसे. पाकिटातल्या खाण्यावर शाकाहाराचे प्रकार छापणं नियमानेच आलं आहे: पूर्ण शाकाहारी, दूध चालणारं, अंडं चालणारं, दोन्ही चालणारं, आणि कांदा-लसूण वर्गातलं असलेलं. म्हणजे सासूबाई चातुर्मासात आल्या तरी निवडून खातील. बौद्धांच्या वर्ज्य पाच तिखट पदार्थांच्या जुन्या यादीत हिंगसुद्धा आहे, हे वाचून माझ्या आईने कपाळाला हात लावला होता.

कचऱ्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. इथे कचरा खाली नेऊन ठेवून देता येत नाही. ठरलेल्या वेळी गाडी येते, तिच्यावर बीथोव्हनची 'फ्युर एलिझ' वाजते किंवा 'अ मेडन्स प्रेयर'. ती ऐकू आली की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन खाली. ताइपेईत महापालिकेच्या निळ्या पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकता येतो. पुनर्वापराचा वेगळा, खरकटं वेगळं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी माझी पिशवी उघडून बाटल्यांची झाकणं कशी काढायची ते दाखवलं. माझी सगळी ओळख त्या गाडीच्या मागे उभं राहून झाली. मोठ्या सोसायटीत तळघरात कचऱ्याची खोली असते, तिथे ही गंमत नाही.

मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड 1500 तैवानी डॉलरपासून सुरू. मुलीला आधीच सांगून ठेवा.

वैशाखवणवा
कृष्णाकाठ यांनी एक गोष्ट टाळली, ती मी लिहितो. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये मी शांघायमध्ये होतो. कोविडमुळे शहर बंद. सुरुवातीला चार दिवसांचं म्हणाले, उघडलं 1 जूनला. फ्रिज रिकामा होत जाताना बघणं काय असतं ते मी विसरणार नाही. चार-पाच वर्षांचा बेत करताना, वरून एका रात्रीत निर्णय येऊ शकतो आणि विचारायला कुणी नसतं, हे मनात धरावं. मी नंतर ताइपेईला आलो.

कृष्णाकाठ
@वैशाखवणवा, टाळलं नाही हो. तुम्ही लिहिलं ते खरंच आहे, मीही त्याच शहरात होते. पण त्याच दोन महिन्यांत आमच्या इमारतीच्या वीचॅट गटावर गटखरेदी उभी राहिली. पाचव्या मजल्यावरचा मुलगा रोज हिशेब ठेवायचा. कुणाकडे कोला, कुणाकडे अंडी, अदलाबदल चालायची. सोळाव्या मजल्यावरच्या काकांनी 'भारतीय बाईला डाळ मिळत नसेल' म्हणून मुगाची पिशवी दाराला अडकवली होती. ज्यांची नावंही आधी ठाऊक नव्हती ती माणसं आज घरची आहेत. दोन्ही बाजू एकाच शहराच्या आहेत, एवढंच म्हणायचंय.

वैशाखवणवा
मान्य. शेजाऱ्यांबद्दल माझीही तक्रार नाही.

इचलकरंजीकर
मी चीनमध्ये शाओशिंगजवळ कच्याओला असतो, कापड बाजारात. इथला कापडबाजार जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आमच्या गावचं अर्धं बोलणं मागाचं आणि सुताचं, त्यामुळे मला इथे परकं वाटायला वेळच मिळाला नाही. भारतीय व्यापारी भरपूर, भारतीय खानावळी आहेत, हिंदी कानावर पडते. यीवू या घाऊक बाजाराच्या शहरात तर त्याहून जास्त.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सगळे देशांची तुलना करताहेत. फरक देशाइतकाच शहराच्या आकाराचा असतो. शांघायमध्ये परदेशी माणूस रस्त्यात दिसला तर कुणी मान वर करत नाही. कच्याओपासून तासाभरावर आत गेलात तर लोक थांबून बघतात, फोटो मागतात, मुलीच्या केसांना हात लावतात. वाईट हेतू नसतो, पण बायकोला याचा वैताग यायचा आणि तो वैताग खरा होता. मी दिवसभर बाजारात, मला काय कळणार?

धंद्याच्या जेवणाचं सांगतो. गोल टेबल, फिरती काच, यजमान स्वतः तुमच्या ताटलीत वाढणार. पाय्च्यो या कडक दारूचा छोटा पेला पुढे आला की पहिल्याच वेळी 'डॉक्टरांनी मनाई केली आहे' म्हणून चहाचा पेला उचला. पहिल्या दिवशी घेतली आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं तर ऐकत नाहीत. कृष्णाकाठ, तुम्ही अंडी-कोला म्हणालात, इकडे आमच्या गल्लीत कोबी-सिगारेट चाललं होतं.

मांडवीकाठ
कुणी सिचुआनमधलं चेंगडू विचारलं नाही, तरी लिहिणार! मी पणजीचा, चेंगडूत काही वर्षं काढली. पहिल्या दिवशी हॉटपॉटमध्ये सिचुआनी मिरी दाताखाली आली, जीभ मुंग्या आल्यासारखी झाली आणि टेबलावरची मंडळी हसायला लागली. मला मात्र घरची आठवण. ते आपल्या तिरफळाचंच भावंड आहे, एकाच कुळातलं. बांगड्याच्या हुमणात तिरफळ खाल्लेल्या माणसाला सिचुआनी जेवण परकं नाही. पुढच्या सुटीत मी घरून तिरफळं नेली, घरमालकीणबाईंनी वास घेऊन ती माशात घातली आणि आणखी मागितली.

बागेतल्या चहाघरात बांबूच्या खुर्चीवर दुपार घालवायची, झाकणाच्या पेल्यात गरम पाणी ओतत राहतात, शेजारी माजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट, कान कोरणारा चिमटा वाजवत फिरतो. शांघायची घाई ज्यांना मानवत नाही त्यांनी चेंगडू जरूर बघावं. शाकाहाऱ्यांना कठीण जाईल पण. मापो तोफूत खिमा असतो, परतलेल्या फरसबीतही असतो, आणि 'मांस नको' म्हटलं तर खिमा काढून बाजूला ठेवतात.

सोलापूरचा_पाहुणा
अवांतर होईल, पण राहवत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच लग्न केलं आणि 1942 मध्ये हपै प्रांतात वारले. शिजियाचुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे. मी कामासाठी त्या शहरात होतो. टॅक्सीवाल्याने कुठला विचारलं, भारतातला म्हटल्यावर तो स्वतःच 'को दीहुआ' म्हणाला, हे त्यांचं चिनी नाव. मी म्हटलं, मी त्यांच्याच गावचा. त्याने मीटर बंद केला, स्मशानभूमीपर्यंत नेलं आणि फुलं त्याच्या पैशाने घेतली. सीमेवर काय चाललं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.

मोरपीस_२
@सोलापूरचा_पाहुणा, डोळ्यांत पाणी आलं. अवांतर नाहीच हे.

वडाची_पारंबी
हाँगकाँगतर्फे मी.

इथे भारतीय माणूस नवा नाही. बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरी बोटींची मूळ कंपनी डोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईहून आलेल्या पारशाने काढली. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी मोठी देणगी देणारे होर्मसजी मोदीही मुंबईचेच, त्यांच्या नावाचा रस्ता चिम शा चुई भागात आहे. हॅपी व्हॅलीत हिंदू मंदिर आहे. तूरडाळीपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं, गोडा मसाला जरा शोधून.

धक्का बसतो तो घराच्या आकाराचा. पुण्यातल्या तुमच्या हॉलमध्ये इथलं चौघांचं घर मावेल. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि ओटा हे तिन्ही एका हाताच्या अंतरात. आणि भाषा कँटोनीज. चैत्रपालवी, तुमच्या मँडरिनने दुकानात काम भागेल, पण शेजारणींच्या गप्पांत शिरता येणार नाही. चाचानतेंगमध्ये, म्हणजे इथल्या चहा-नाश्त्याच्या साध्या खानावळीत, अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसवतात, कुणी हसून बोलत नाही, ऑर्डर लवकर सांगितली नाही तर वेटर वैतागतो. उद्धटपणा नाही तो, जागाच तेवढी आहे. उलट शनिवारी अर्ध्या तासात तुम्ही डोंगरात असता. ड्रॅगन्स बॅकवरून दोन्हीकडे समुद्र दिसतो. मी सह्याद्रीत वाढले, मला त्या वाटांनी इथे टिकवलं.

एक महत्त्वाचं. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला इथे नोकरी करायला वेगळा परवाना लागत नाही. मी आल्यावर तीन महिन्यांच्या आत काम शोधलं. सगळ्यांनी शहराचं लिहिलं, पण धागाकर्तीच्या स्वतःच्या नोकरीचं अजून कुणीच विचारलेलं नाही.

आंबट_गोड
सिंगापूर! घर मोठं नाही पण बरं, इंग्रजी सगळीकडे, तमीळ ही राजभाषांपैकी एक, महाराष्ट्र मंडळाचा गणपती, लिटल इंडियात कढीपत्ता. मुलीला शाळेत मँडरिनही शिकता येईल. धक्काबिक्का काही नाही. हॉकर सेंटरमध्ये टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरलेली असते, ती उचलायची नाही, एवढं शिकलात की झालं.

दगडफूल
@आंबट_गोड, सिंगापूर छानच आहे, पण त्यांना चिनी मुलखात राहायचंय. तिथे तुमच्या मँडरिनला मँडरिनमध्ये उत्तर येतं का?

आंबट_गोड
आजी-आजोबांकडून येतं, तरुणांकडून इंग्रजीत. तेवढं खरं. जोडीदाराच्या नोकरीबद्दल वडाची_पारंबी बोलल्या ते मोलाचं आहे. इथे 2021 पासून जोडीदाराला स्वतःचा वर्क पास घ्यावा लागतो. माझ्या वहिनीची नोकरी त्यात अडकली होती.

शाळामास्तर
मुलगी पाच वर्षांची म्हणून लिहितो. मी ताइपेईत भारतीय आणि इतर परदेशी मुलांना शिकवतो.

तैवानच्या सरकारी शाळेत पहिलीच्या पहिल्या दहा आठवड्यांत चुयिन शिकवतात. ती उच्चारांची सदतीस चिन्हं आहेत. त्यानंतर पारंपरिक लिपीची अक्षरं, रेघा जास्त. चीनमध्ये रोमन अक्षरांची पिनयिन आणि सोपी केलेली लिपी. तुम्ही पुण्यात बहुधा दुसरीच शिकला असाल. म्हणजे शिंचूला गेलात तर आई आणि मुलगी दोघी चुयिन एकत्र शिकाल. मी बघितलं आहे, अशा घरांत मुलं फार लवकर उभी राहतात. आई चुकली की मुलाला दुरुस्त करायला मिळतं, आणि ते कुठलंच मूल सोडत नाही.

पहिली-दुसरीची सरकारी शाळा आठवड्यातले बहुतेक दिवस दुपारी सुटते. नोकरी करणारे पालक मुलांना 'आनछिनबान'मध्ये घालतात, तिथे गृहपाठ होतो, खाऊ मिळतो. शिंचूच्या सायन्स पार्कमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी द्विभाषिक विभाग असलेली शाळाही आहे, जागा मर्यादित. शांघायमध्ये आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी देणार का, हे पत्रावर सही करण्याआधी लेखी घ्या. पगारातला तो 'बऱ्यापैकी जास्त' भाग एकट्या शाळेत जाऊ शकतो.

जुई_मोगरा
माझी दोन्ही बाळंतपणं तैवानमध्ये काओश्युंगला झाली. इथे बाळंतीण महिनाभर 'च्वो युएज' पाळते, त्यासाठी खास केंद्रंही आहेत. थंड पाणी नाही, वारा लागू द्यायचा नाही, पाय झाकायचे, बाळ रात्री नर्स बघते. माझ्या आईला व्हिसाच्या अडचणीमुळे यायला उशीर झाला होता आणि मी रडत होते. केंद्रातल्या ताईंनी गरम पाण्याचा थर्मास ठेवला, पायांत मोजे घातले आणि 'थंड पाण्याला हात लावशील तर म्हातारपणी सांधे धरतील' म्हणाल्या. हेच वाक्य माझी आजी बोलायची. तिळाच्या तेलातली कोंबडी आणि तांदळाची दारू ही तिथली डिंक-अळीव. मी शाकाहारी म्हणून मला त्याच आल्या-तिळाच्या तेलात मश्रूम करून दिले.

आरोग्य विम्याचं लक्षात घ्या. तैवानची राष्ट्रीय विमा योजना 1995 पासून आहे आणि उत्तम आहे. नोकरी करणाऱ्याला लगेच मिळते, पण कुटुंबाला साधारणपणे सहा महिने राहावं लागतं. तोपर्यंतचा विमा भारतातून काढून या.

एक_प्रश्नचिन्ह
तैवानमध्ये युद्धाची भीती नाही वाटत? बातम्या बघून विचारतोय.

दगडफूल
विचार मनात येतो. विमानांच्या बातम्या येतात, सराव होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक नाश्त्याच्या दुकानात रांग लावून अंड्याची पोळी घेतात. शेजारी याबद्दल फारसं बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. तुम्ही विचारात घेऊच नका असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची भीती भूकंपाची. 3 एप्रिल 2024 ला सकाळी 7.2 चा झाला, केंद्र हुआलिएनजवळ, आणि आमचं घर ताइपेईत असून कपाटं सरकली. मुलांना शाळेत टेबलाखाली जायची सवय असते. ती मोठ्यांपेक्षा शांत होती.

रात्रपाळी
शिंचूतच आहे, सायन्स पार्कमध्ये. उशिरा लिहितोय, धागा पूर्ण वाचला.

शिंचूला लोक वाऱ्याचं शहर म्हणतात. ऑक्टोबरपासून समुद्राकडून असा वारा सुटतो की स्कूटर आडवी होते. त्याच वाऱ्यावर इथल्या तांदळाच्या शेवया सुकवतात. शहर ताइपेईसारखं देखणं नाही. संध्याकाळी करायला कमी आहे. चिंगह्वा आणि यांगमिंग च्याओतुंग विद्यापीठांत भारतीय पीएचडीचे विद्यार्थी खूप, त्यामुळे दिवाळीला कमी पडत नाही. विद्यापीठाजवळ भारतीय जेवणही मिळतं.

कामाचे तास लांब आहेत, हे मी सरळ सांगतो. तुमचे यजमान सकाळी जातील आणि रात्री येतील. शांघायलाही तेच होईल. त्यांच्यासाठी दोन्ही शहरं जवळपास सारखी असतील: तेच सॉफ्टवेअर, तोच कॅन्टीनचा डबा, तेच इंग्रजी-चिनी मिसळलेलं बोलणं. धक्का ज्याला बसतो तो माणूस घरी असतो. माझ्या बायकोचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं आणि मला ते पुष्कळ उशिरा दिसलं. म्हणून माझं मत ठाम आहे: ही निवड घरी राहणाऱ्याचा दिवस समोर ठेवून करा.

स्वाती_नक्षत्र
@रात्रपाळी, तुम्ही हे लिहिलंत, आभार. मी त्या घरी राहणाऱ्यांपैकी.

चीनमध्ये, शांघायजवळच्या सुझोऊला नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलो. शहर सुंदर, कालवे, बागा, भाषा मला येत होती. कौटुंबिक निवास परवान्यावर काम करता येत नाही. ऑनलाइनसुद्धा पैसे घेऊन काम करणं नियमात बसत नव्हतं. तिथे माणसं वाईट होती असं अजिबात नाही. पण भारतात मी दहा जणांची टीम सांभाळत होते आणि तिथे माझ्या दिवसाची मोठी घटना पार्सल येणं ही होती. मासे-मांसाचा बाजार, गर्दी, थुंकणं, यातल्या कशानेही मला जेवढं हलवलं नाही तेवढं 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाने हलवलं. इमारतीच्या दारावरचा वॉचमनसुद्धा मला 'अमुकची बायको' म्हणून ओळखायचा.

मला कशाने सावरलं तेही सांगते. विद्यापीठाच्या भाषावर्गात नाव घातलं, विद्यार्थी व्हिसावर बदलून. सकाळी आठला वर्ग. कोरियन, रशियन, कझाक मुली, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या मागून आलेल्या. वर्ष संपता संपता मी एका कंपनीच्या परवान्यावर नोकरीला लागले, कारण तोपर्यंत माझी पाचवी पातळी झाली होती. भाषा येत असेल तर मार्ग आहे, पण तो आपोआप मिळत नाही आणि त्यात एक-दीड वर्ष जातं.

चैत्रपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून पूर्ण धागा वाचला. स्वाती, तुमचा प्रतिसाद नवऱ्याने दोनदा वाचला आणि मग आम्ही पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल नीट बोललो. तोवर सगळी चर्चा पगार, शाळा आणि सासूबाईंचं जेवण एवढ्यावरच फिरत होती.

शिंचूकडे मन झुकलंय. तैवानमध्ये मला नोकरीसाठी काय करावं लागेल? आणि शिंचूत राहायचं की ताइपेईत राहून त्याने जाणं-येणं करायचं?

रात्रपाळी
जोडीदाराला तैवानमध्येही स्वतःचा परवाना लागतो, तो कंपनी काढून देते. अकाउंट्सचा अनुभव आणि चिनी, दोन्ही एकत्र असतील तर भारतात काम करणाऱ्या तैवानी कंपन्या विचारतात. तैवानी कारखाने तमिळनाडूत वाढताहेत. पण चौथ्या-पाचव्या पातळीपर्यंत भाषा न्या. इथल्या विद्यापीठांत भाषाकेंद्रं आहेत, सकाळचे वर्ग असतात, मुलगी शाळेत असते त्याच वेळात.

ताइपेईहून रोज जाणं-येणं नको. हायस्पीड रेल्वे अर्ध्या-पाऊण तासात आणते, पण स्टेशन चूपैला, तिथून पार्कपर्यंत पुन्हा बस. तुम्हाला चूपैच जास्त बरं पडेल. नवे रस्ते, बागा, मुलांची कुटुंबं जास्त, आणि शनिवारी ताइपेईला जायला स्टेशन शेजारी. पार्कला लागून क्वानशिन रस्त्याजवळ भाडी चढी आहेत.

दगडफूल
घर बघताना स्वयंपाकघर आहे ना, ते विचारा. लहान भाड्याच्या खोल्यांत नसतंच, बाहेर खायची पद्धत आहे. कुकरच्या शिट्टीने शेजारी दचकतात, पहिल्या दिवशी त्यांना दाखवून ठेवा! आणि ओलावा शोषणारं यंत्र घ्याच. नाहीतर पावसाळ्यानंतर चपलांवर बुरशी.

इचलकरंजीकर
पदवीच्या कागदांचं साक्षांकन लवकर सुरू करा. मुंबईत 2024 पासून तैवानचं कार्यालय आहे, पूर्वी दिल्ली-चेन्नई करावं लागायचं. लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला दोन्ही लागतील.

चैत्रपालवी
दाखल्यावर माझं नाव माहेरचं आहे आणि पासपोर्टवर सासरचं. चालेल का?

जुई_मोगरा
माझंही तसंच होतं. राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडलं, त्यावर झालं. भाषांतर मात्र चिनीत करून घ्या आणि तिन्ही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. घर शोधायला ऑगस्टमध्ये येणार असाल तर चांगली वेळ आहे. साधारण तेव्हाच चांद्र पंचांगातला सातवा, भुतांचा महिना असतो, इथले लोक तेव्हा घर बदलत नाहीत, म्हणून निवडायला जास्त घरं मिळतात आणि मालक भाड्याबद्दल ऐकून घेतो. मी तेव्हाच घेतलं होतं. व्यक्तिगत निरोप पाठवते, एजंटबाईंचा नंबर देते. त्या शाकाहारी आहेत, सासूबाईंशी जमेल.